भुंगा बोलत नाही

आत्याने मुद्दाम रुमाल पाडला. तो उचलायला ती वाकली आणि वाकल्यावाकल्या तिने मान अशी काही तिरपी केली की बाईंच्या मांडीवरची वही निदान अर्धी तरी दिसावी. उलटं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखान्यात समोरच्या टेबलावरचं साहेबांचं रजिस्टर ती सहा वर्षं उलटंच वाचत आली होती. पण बाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. रुमाल खाली पडला आणि त्यांचा तळहात वहीवर आला, अगदी सहज, मांजराच्या पाठीवर यावा तसा.

"सापडला का रुमाल?" त्यांनी विचारलं.

"सापडला," आत्या म्हणाली आणि मांडी घालून सरळ बसली.

बोटांच्या फटीतून दिसायचं ते दिसलं होतं. डाव्या बाजूला मुलांची नावं, एकाखाली एक. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी, कुठे ओळ, कुठे दोन ओळी. एकाच नावापुढची जागा कोरी होती, आणि ते नाव भुंगाचं होतं. आत्याला हायसं वाटलं. कोरं आहे ना, मग बरं आहे.

भुंगा म्हणजे तिच्या दादाची मुलगी, साडेतीन वर्षांची. कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं, पण सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री तो मिटेपर्यंत ही पोरगी जी काही गुणगुण लावायची, त्यामुळे ते नाव कधी कुणाच्या तोंडी बसलंच नाही. दादा आणि वहिनी दोघंही संध्याकाळी सातला घरी यायचे. आत्याची सकाळची पाळी दोनला सुटायची, त्यामुळे दुपारची भुंगा आत्याची. त्या दुपारांवर आत्याचा फार जीव होता, पण हे ती कुणाला सांगायला गेली नसती. वर हेच म्हणायची, "माझ्या डोक्याचा भुगा करते ती, भुंगा कसली."

आणि दर गुरुवारी चार वाजता वाचनालय. वहिनीने कुठूनतरी माहिती काढून नाव घातलं होतं. तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या टेबलांच्या पलीकडे, एक निळी सतरंजी. तिच्यावर दहाबारा पोरं, दोन वर्षांपासून पाचपर्यंत, आणि प्रत्येकामागे एक मोठं माणूस. वाचनालयाच्या बाई चित्रांचं पुस्तक धरायच्या, विचारायच्या, हे कोण, हे काय करतंय, पुढे काय होईल. पोरं बोलायची, मग गाणं, मग टाळ्या. जाताना प्रत्येक घराला एक कापडी पिशवी, आत चार पुस्तकं. पुढच्या गुरुवारी परत आणायची, दुसरी न्यायची. एक छदाम न घेता.

आत्याचा पहिला संशय तिथेच जागा झाला होता. आणि त्याला खतपाणी घातलं जुळ्यांच्या आजोबांनी. बस चालवून निवृत्त झालेले हे आजोबा दोन नातवांना दोन बगलांत धरून आणायचे आणि तिच्या शेजारीच बसायचे.

"ती वही पाहिली का तुम्ही?" पहिल्याच दिवशी ते तिच्या कानाशी लागले. "शाळेत जाते म्हणे ती. कुठलं पोर हुशार, कुठलं मठ्ठ, सगळं आधीच कळतं त्यांना. मी काय म्हणतो, आपण आपले डोळे उघडे ठेवून बसावं."

एवढं सांगून पाचव्या मिनिटाला ते भिंतीला टेकून झोपले.

त्याच दिवशी बाईंनी हत्तीचं चित्र दाखवलं होतं. फतकल मारून बसलेला म्हातारा हत्ती. बाईंनी विचारलं, हे कोण. चार पोरं ओरडली, हत्ती. भुंगा उठून उभी राहिली, पुस्तकापाशी गेली आणि नीट निरखून म्हणाली, "ह्याची शिलाई उसवलीये. आतला कापूस सगळा खाली आलाय."

बाई मोठ्याने हसल्या. आणि हसता हसताच त्यांनी पेन उचललं आणि वहीत लिहिलं.

नुसत्या हसल्या असत्या तर आत्याला काही वाटलं नसतं. लिहिलं असतं तरी कदाचित चाललं असतं. पण हसत हसत लिहिलं म्हटल्यावर तिच्या मनात जी पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना.

आता ह्याला कारण होतं. आत्या शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला होती. शिवलेला शर्ट समोर यायचा, ती कॉलर उलटायची, काजं बघायची, बगलेची शिवण ताणायची. चूक दिसली की लाल स्टिकर, आणि रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर. शर्ट धड असला की काही नाही, पुढे ढकलायचा. सहा वर्षांत तिने एकदाही असं लिहिलं नव्हतं की मशीन सातने आज काय सुंदर कॉलर लावलीये. तशी जागाच नसते रजिस्टरमध्ये. मशीन सातवरच्या बाईचे एका महिन्यात एकवीस स्टिकर झाले होते. एकविसाव्यानंतर ती बाई दिसली नाही. आत्या जेवायच्या सुट्टीत तिच्याच शेजारी बसायची. डबा उघडायची, बंद करायची, असं बरेच दिवस चाललं.

म्हणून वही म्हणजे काय असते हे आत्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी वाचनालयाच्या फाटकाशी तिने भुंगाला थांबवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आत गेल्यावर काही बोलायचं नाही. त्या बाईंनी विचारलं तरी नाही."

"का?"

"त्या लिहितात."

"लिहिलं की काय होतं?"

"चुकलेलं लिहितात. मग काढून टाकतात." एवढंच म्हणून तिने विषय मिटवला, आणि मग पोरगी हिरमुसली म्हणून त्याचा खेळ केला. भुंगाच्या दोन ओठांवर बोटाने बटण लावल्यासारखं केलं. भुंगाला ते फार आवडलं. पाऊण तास ती ओठ दाबून बसली, गाल फुगवून, डोळे गरागरा फिरवत, आणि फाटकाबाहेर आल्यावर आत्याने बटण काढलं मात्र, घरापर्यंत तोंडाचा जो पट्टा सुटला, की रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्या मुलाच्या नाकात बोट होतं, आणि आजोबा झोपेत फुर्र करतात, आणि ससा खोटं बोलत होता, मला माहितीये, आत्या, त्याचे कान बघितलेस का तू.

"हो हो," आत्या म्हणायची. तिचं लक्ष ट्रॅफिककडे असायचं.

असे चार गुरुवार गेले. प्रत्येक वेळी नावापुढची जागा कोरी. आणि प्रत्येक वेळी बाई भुंगाकडे जरा जास्त वेळ बघायला लागल्या. आधी प्रश्न विचारायच्या, मग जवळ येऊन विचारायच्या, मग नुसत्याच बघायच्या. बघ म्हटलं, आत्या मनात म्हणाली, टपून बसल्यात. बसा.

त्यातल्या शेवटच्या गुरुवारी पिशवीतून चिठ्ठी आली.

ती वहिनीच्या हाती लागली. रात्रीची जेवणं झाली होती, वहिनी टेबलाशी बसून पुस्तकं बाहेर काढत होती, आणि दोन पुस्तकांच्या मधून घडी घातलेला कागद पडला. तिने तो वाचला. मग परत वाचला. मग दादाकडे सरकवला.

दादाने मोठ्याने वाचलं. "आपली मुलगी गेल्या चार बैठकांत एकही शब्द बोललेली नाही. काळजीचं कारण असेलच असं नाही, पण तज्ज्ञांकडून तिची तपासणी करून घ्यावी असं आम्हाला वाटतं. अशा मुलांच्या नावांची यादी पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे पाठवली जाईल."

टेबलाखाली भुंगा चमच्याला दटावत होती. "तू काल पण असंच केलंस. तुला किती वेळा सांगायचं, तू काटा नाहीयेस. नाटकं करू नकोस."

दादा हसायला लागला. "ही बोलत नाही? पत्ता चुकला त्यांचा. अगं, ही झोपेतसुद्धा भांडते."

वहिनी हसली नाही. तिने चिठ्ठीची घडी घातली, परत उघडली. "घरी बोलते. तिथं बोलत नाही. चार-चार आठवडे. म्हणजे काहीतरी असेलच ना."

"लाजत असेल."

"ही?"

दादाने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"तिथं कुणी रागावतं का तिला?" वहिनीने विचारलं. प्रश्न हवेत विचारल्यासारखा होता, पण तिची नजर फिरत फिरत आत्यापाशी येऊन थांबली. फार वेळ नाही. शिवणीवर बोट फिरवताना गाठ लागली की बोट थांबतं ना, तेवढीच.

"कोण रागावणार," आत्या म्हणाली. "त्या बाईच तशा आहेत. सारखं आपलं लिहीत असतात."

"मग तू काही विचारलं नाहीस त्यांना?"

"काय विचारू?"

वहिनीने चिठ्ठी पुस्तकात ठेवली. मग म्हणाली, "वन्सं, तुमच्यावर शंका नाही हो घेत मी." आणि 'तू'वरून 'तुम्ही'वर गेलेलं ऐकूनच आत्या समजून गेली, की शंका घेऊन झालेली आहे. "पण दिवसभर मी नसते, हा नसतो. दुपारचं काय होतं, कसं होतं, आम्हाला कुठे कळतं. या गुरुवारी बघू. नाहीतर मी आईकडे ठेवते तिला थोडे महिने. आई घरीच असते."

वहिनीची आई दुसऱ्या शहरात राहायची, बसने पाच तास.

आत्याने तोंड उघडलं. आता सांगून टाकायचं, मीच गप्प बसवलं तिला, एवढं सोपं वाक्य होतं ते. पण त्याच्या मागोमाग, का, असं येणार, आणि मग शर्ट आणि स्टिकर आणि मशीन सात, हे सगळं या टेबलावर काढायचं, वहिनीच्या त्या नजरेसमोर. ती उठली आणि पाणी प्यायली. तहान नव्हती.

टेबलाखालून आवाज आला, "आत्या, चमच्याने सॉरी म्हटलं."

आठवडाभर घरात सगळे एकमेकांशी फार सांभाळून बोलले. वहिनी दुपारी तीनला फोन करायला लागली. काय करतेय भुंगा, जेवली का, रडली नाही ना. पूर्वी असा फोन नव्हता येत. आत्या उत्तरं द्यायची आणि फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, आपण जे बोललो ते पलीकडे कुठेतरी लिहिलं गेलंय.

गुरुवारी ती भुंगाला घेऊन अर्धा तास आधीच पोचली. बाई सतरंजी अंथरत होत्या. भुंगाला तिने खालच्या शेल्फापाशी सोडलं आणि सरळ जाऊन उभी राहिली.

"ती बोलते," आत्या म्हणाली. "भरपूर बोलते. मीच इथं गप्प बसायला सांगितलं होतं."

बाईंनी सतरंजीचा कोपरा हातात तसाच धरला. "का?"

"तुम्ही लिहिता म्हणून."

बाई उठून उभ्या राहिल्या. तशा त्या वयाने फार नव्हत्या, जवळून पाहिल्यावर आत्याच्याच बरोबरीच्या वाटल्या. "मी तुमच्यामुळे लिहीत होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे आधीही लिहायचे, पण तुमच्यामुळे जास्त."

"माझ्यामुळे?"

"तुम्ही गळ्यात ते कार्ड घालून येता. वाकून वाकून वही बघता. कुणाशी बोलत नाही. मला वाटलं, वरून पाठवलंय तुम्हाला. हा उपक्रम ठेवायचा की बंद करायचा, असं चाललंय त्यांचं. पोर कुणाचं तरी उधार आणलं असेल म्हटलं."

आत्याने गळ्यातल्या कार्डाला हात लावला. कारखान्याचं गेटचं कार्ड. ते काढायचं तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही.

"काय असतं त्या वहीत?"

"पोरं काय बोलतात ते."

"आणि चुकली तर?"

"तर तेही. तेच जास्त असतं."

"आणि ते वर जातं."

"जातं," बाई म्हणाल्या.

निदान खोटं बोलल्या नाहीत. पण आत्याचं समाधान झालं नाही. तपासणारा माणूस असाच सरळ बोलतो, ती स्वतःही मशीन सातशी असंच बोलायची, अगदी हसून. "मग तिचं नाव काढा यादीतून."

"मी ऐकल्याशिवाय कसं काढू? उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, आत्या म्हणाली?" मग शेल्फाकडे बघत बाई म्हणाल्या, "आज बोलू दे तिला. एक शब्द बोलली तरी मी काढते."

आत्या शेल्फापाशी गेली. भुंगा पुस्तकांना पालथं घालून झोपवत होती.

"भुंगा, आज बोलायचं हं." तिने ओठांवरचं बटण काढल्यासारखं केलं.

भुंगाने बोट ढकललं. "अजून बाहेर नाही गेलो."

"आज आतच काढायचं."

"लिहितील ना पण."

"लिहू दे."

भुंगाने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम हळू आवाजात, आत्यापेक्षा कितीतरी मोठी असल्यासारखी, म्हणाली, "मग काढून टाकतील. तू नको रडू."

आणि ओठ मिटून घेतले. स्वतःच.

चार वाजले. पोरं आली, जुळे आले, आजोबा आले आणि भिंतीची नेहमीची जागा पकडली. बाईंनी बिनशब्दांचं एक पुस्तक उघडलं, नुसती चित्रं. एक म्हातारी, तिचं घर, घरात शिरलेल्या मेंढ्या. हे भुंगाकडे मागच्या पिशवीत येऊन गेलं होतं. बाईंनी भुंगाकडे पाहिलं. "तू सांगतेस ही गोष्ट?"

भुंगाने नकारार्थी मान हलवली.

"पहिलं चित्र तरी?"

मान हललीसुद्धा नाही. पाचव्या आठवड्यातही तेच. बाईंचं पेन वहीवर टेकलं, आणि आत्याला पुढचं सगळं दिसलं: पाच तासांची बस, वहिनीच्या आईचं घर, आणि इकडे दोन वाजता सुटणारी पाळी.

"मी सांगते," आत्या म्हणाली.

मोठ्या माणसांनी वळून पाहिलं. आजोबांचा एक डोळा उघडला. बाईंनी पुस्तक तिच्याकडे दिलं, आणि दिल्यावर वही मांडीवर ओढून पेन उघडलं.

आत्याने पान समोर धरलं. दिवसाला पाचशे शर्ट तपासणारी ती, पण आता तिचं काहीतरी कुणीतरी उलटून पाहणार होतं. "एक म्हातारी असते," ती म्हणाली. "तिच्या घरात मेंढ्या असतात. पाच मेंढ्या."

पेन हललं.

"म्हातारी... म्हातारी रागावलेली असते. तिने गालाला हात लावलाय. ती मेंढ्यांना म्हणते, चला, निघा माझ्या घरातून." तिने पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली. आता म्हातारी छपरावर होती. "मग ती छपरावर जाते. रागाने."

जुळ्यांतला एक फिसकन हसला. बाई लिहीत होत्या. आत्याचे कान तापले. तिने तिरक्या नजरेने भुंगाकडे पाहिलं. भुंगा पुस्तक बघत नव्हती. ती पेन बघत होती. पेनाकडून आत्याकडे, आत्याकडून पेनाकडे, डोळ्याची पापणी न लववता.

"आणि मग," आत्या म्हणाली, आणि पुढे तिला काही सुचेना. या पुस्तकाचं एक चित्रही तिला आठवत नव्हतं. आठवडाभर ते घरात होतं. भुंगाने तिला ते किती वेळा सांगितलं असेल, वीस वेळा, चाळीस वेळा, आणि ती हो हो म्हणत आली होती.

"सहा आहेत."

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मेंढ्या सहा आहेत. एक पडद्यामागे आहे. तिचे पाय दिसतात," भुंगा म्हणाली. ती आत्याशी बोलत नव्हती, बाईंशी बोलत होती. "आत्या चुकली. लिहा ना."

बाईंनी आत्याकडे पाहिलं.

"लिहा," आत्या म्हणाली.

बाईंनी लिहिलं. भुंगा थांबली. तिने आत्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत आत्याकडे. दारातून कुणी आलं नाही. आत्या बसली होती तिथेच बसलेली होती, पुस्तक हातात धरून. आजोबांनी पाय लांब केले. बाकी काही झालं नाही.

"आणि म्हातारी रागावलेली नाहीये," भुंगा म्हणाली. या वेळी आवाज जरा मोठा होता. "तिची दाढ दुखतेय. म्हणून तिने गालाला हात लावलाय. मेंढ्या तिला भेटायला आल्यात. आजारी माणसाला भेटतात तशा."

"अस्सं," बाई म्हणाल्या.

"आणि आत्याने एक पान खाल्लं. त्या पानात शिडी आहे. शिडीशिवाय म्हातारी वर कशी जाईल, ती काय माकड आहे?" ती उठली, आत्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि सतरंजीच्या मध्यभागी जाऊन बसली. पोरं सरकून तिच्याभोवती आली. "छपराला भोक पडलंय. पावसाचं पाणी आत येतंय. दाढ दुखत असली तरी भोक बुजवावंच लागतं. मेंढ्यांनी लोकर दिलीये. ही बघ, हिच्या पाठीवर आता केसच नाहीत. हिला थंडी वाजतेय पण ती सांगत नाहीये. मी एकटीने ओळखलं."

गुणगुण सुरू झाली होती, आणि एकदा सुरू झाली की ती थांबत नसते हे घरच्यांना माहीत होतं, बाईंना नव्हतं. बाईंचं पेन पळत होतं. ओळ संपली, पुढच्या नावाच्या जागेत शिरली, ती जागा संपली, समासात चढली. मधेच त्यांनी बोटं झटकली आणि तेवढ्या वेळात भुंगा तिसऱ्या मेंढीवर पोचलीसुद्धा.

आत्या गुडघ्यांवर सरकत बाईंच्या शेजारी आली आणि मान लांब करून वहीत बघायला लागली. बाईंनी या वेळी हात आडवा घातला नाही. आत्याने पहिल्यापासून वाचत नेलं, एकेक शब्दावर थांबत, कॉलर तपासावी तसं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हिला थंडी वाजतेय पण ती सांगत नाहीये, ते राहिलं."